प्लॅटफॉर्मने बातमीचे पैसे द्यायचे, पण ते कोणाच्या हातात?

शाईचे डाग

आमच्या पत्रकार संघटनेची येत्या रविवारी बैठक आहे. ठराव एका ओळीचा आहे: समाजमाध्यमांनी आणि सर्च इंजिनांनी बातम्यांच्या मोबदल्यात प्रकाशकांना पैसे द्यावेत, असा कायदा व्हावा. हात वर करायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून विचारते आहे.

अकरा वर्षं मी रात्रपाळीची उपसंपादक होते. नदीला पूर आलेली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आमचा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फोनवर सांगत होता आणि मी इकडे टाईप करत होते. धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा दोन ठिकाणांहून पडताळल्याशिवाय लावायचा नाही, म्हणून मी चाळीस मिनिटं बातमी अडवून धरली होती. आकडा पक्का झाला. मग डिजिटलच्या मुलाचा निरोप आला: मथळा, फोटो आणि खालच्या दोन ओळी अशा लिहा की समाजमाध्यमांच्या फीडमध्येच सगळं कळलं पाहिजे, तरच पोस्ट लांब जाते. मी लिहिल्या. कुठला पूल बंद, कुठल्या वस्तीने हलायचं, विसर्ग किती. दोन ओळींत बसवलं आणि त्याचा मला अभिमान वाटला, कारण त्या ओळींवर कुणाचा तरी जीव होता.

पोस्ट खूप फिरली. आमच्या संकेतस्थळावर येऊन बातमी उघडणारे त्या मानाने मूठभर. जाहिरात दिसली ती फीडमध्ये, आमच्या दोन ओळींच्या वर आणि खाली.

पुढे आमचं डेस्क नऊ जणांवरून तीन जणांवर आलं आणि वर्षभरात माझीही खुर्ची गेली. कारण सांगितलं गेलं की जाहिरात प्लॅटफॉर्मकडे गेली. ते खोटं नव्हतं, आम्हालाही पानं रिकामी होताना दिसत होती. पण जाहिरात थोडी सावरली त्या वर्षी डेस्कवर एकही जागा भरली नाही, हेही मी पाहिलं आहे. त्यामुळे ठरावातला 'प्रकाशकांना' हा शब्द वाचला की मी तिथेच थांबते.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जिथे असे कायदे झाले तिथे पैसा बातमी आणणाऱ्या माणसापर्यंत पोचला का? आणि प्लॅटफॉर्मने 'पैसे देत नाही, बातम्याच नकोत' म्हटलं, तर आधी मरतं कोण? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला बैठकीत नुसतं भावनेवर बोलायचं नाही.

---

उत्तरेकडचा

मी कॅनडात राहतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

इथला कायदा, ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्ट, संसदेत सी-१८ या क्रमांकाने ओळखला जायचा. २२ जून २०२३ ला तो मंजूर झाला. १ ऑगस्टपासून मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, कॅनडातल्या वापरकर्त्यांसाठी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद करायला सुरुवात केली. फक्त इथल्याच वृत्तपत्रांच्या नव्हे, परदेशी वृत्तसंस्थांच्याही. कायद्याने बातमी 'उपलब्ध करून देणं' याची व्याख्या इतकी रुंद केली होती की नुसती लिंक दिसली तरी ती त्यात बसायची. कंपनीने म्हटलं, मग लिंकच दिसणार नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांत जंगलं पेटली. १६ ऑगस्टला यलोनाइफ हे शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला, सुमारे २० हजार लोक. त्याच दिवसांत ब्रिटिश कोलंबियात केलोनाच्या आसपासही आग होती. लोक एकमेकांना बातमीचे स्क्रीनशॉट पाठवत होते, कारण लिंक जात नव्हती. स्क्रीनशॉट कधीचा ते कळत नाही, बातमी नंतर बदलली तरी तो बदलत नाही. आणीबाणीत कालची बातमी आजची म्हणून फिरली तर काय होतं, हे तुम्हाला पुराच्या रात्रीवरून कळेलच. तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी कंपनीवर जाहीर टीका केली, कंपनी हलली नाही.

आधी मरतं कोण, तर छोटे. मोठ्या दैनिकाला स्वतःचं अ‍ॅप असतं, वर्गणीदार असतात, लोक थेट पत्ता टाकून येतात. गावच्या साप्ताहिकाचं सगळं दुकान फेसबुकवर मांडलेलं. बंदीला वर्ष झाल्यावर मीडिया इकोसिस्टिम ऑब्झर्व्हेटरी या इथल्या संशोधन गटाने मोजलं, तेव्हा कॅनडातल्या वृत्तसंस्थांचा फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा वाचकांचा प्रतिसाद ८५ टक्क्यांनी घटलेला होता.

आता पैसा. गुगलनेही बातम्या काढून टाकण्याची तयारी जाहीर केली होती, पण २९ नोव्हेंबर २०२३ ला सरकारशी समझोता केला: वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर, महागाईप्रमाणे वाढणारे, आणि सगळे एकाच सामूहिक संस्थेकडे द्यायचे. सरकारी खात्याचा मूळ अंदाज गुगलकडून १७.२ कोटी आणि मेटाकडून ६.२ कोटी असा होता. म्हणजे एकाकडून कमी आले, दुसऱ्याकडून काहीच नाही.

पण वाटपाचा नियम तुमच्या उपयोगाचा आहे. खासगी रेडिओ-टीव्हीला जास्तीत जास्त ३० टक्के, सरकारी प्रसारक सीबीसीला जास्तीत जास्त ७ टक्के, उरलेलं छापील आणि डिजिटल वृत्तसंस्थांना. आणि प्रत्येकाचा वाटा कशावर ठरतो? तिथे पत्रकारांचे किती तास भरतात त्यावर. किती क्लिक आले यावर नाही. पत्रकार कमी केले की वाटा कमी. माझ्या मते या सगळ्या गोंधळात कॅनडाने एवढी एक गोष्ट नीट केली.

---

कोडवाला

मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. पत्रकारितेविषयी आदर ठेवूनच विरोधात लिहितो आहे.

लिंक देणं म्हणजे पत्ता सांगणं. पत्ता सांगितल्याबद्दल सांगणाऱ्याने पैसे द्यायचे, हे वेबच्या मुळावर येतं. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी जानेवारी २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियात असा कायदा होऊ घातला होता तेव्हा, तिथल्या सिनेट समितीला हाच धोका कळवला होता: ठरावीक मजकुराच्या लिंकसाठी पैसे सक्तीचे केले तर वेब चालणार नाही.

शिवाय प्रकाशकाला सर्च इंजिन नको असेल तर त्याला बाहेर ठेवणं हे संकेतस्थळावरच्या एका छोट्या फाइलचं काम आहे. दोन ओळी लिहिल्या की गुगलचा क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळं वाचत फिरणारा प्रोग्राम, परत जातो. ते कुणी करत नाही, कारण तिथून वाचक येतात. प्रत्येक बातमीखाली शेअरचं बटण प्रकाशकांनीच लावलं आहे.

जर्मनीत हे सिद्ध झालं. २०१३ मध्ये तिथे प्रकाशकांना बातमीच्या उताऱ्यांसाठी पैसे मागण्याचा हक्क देणारा कायदा आला. गुगलने पैसे द्यायला नकार दिला आणि परवानगी न देणाऱ्यांचे उतारे व छोटे फोटो दाखवणं थांबवलं, फक्त मथळा ठेवला. २०१४ मध्ये अ‍ॅक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशकाने दोन आठवडे तग धरला. सर्चमधून येणारे वाचक ४० टक्क्यांनी आणि गुगल न्यूजमधून येणारे ८० टक्क्यांनी घटल्याचं त्यांनीच जाहीर केलं आणि फुकट परवानगी दिली. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदाच लागू करता येत नाही असं ठरवलं, कारण जर्मनीने तो आधी युरोपीय आयोगाला कळवलाच नव्हता.

स्पेनने त्याच्याही पुढे जाऊन प्रकाशकाला हा हक्क सोडताच येणार नाही असं केलं. १६ डिसेंबर २०१४ ला गुगल न्यूज तिथे बंद झालं ते २०२२ मध्ये, कायदा बदलल्यानंतर परत आलं. साडेसात वर्षं.

तुमच्या संघटनेने असा ठराव करू नये, असं मला मनापासून वाटतं.

---

शाईचे डाग

कोडवाला, तुमचा लिंकबद्दलचा मुद्दा मला पटतो, आणि तो पटला म्हणूनच मी अडले आहे. पण 'पत्ता सांगणं' हे अर्धंच वर्णन आहे.

त्या रात्री मी जे लिहिलं त्यात पत्ता होता आणि घरही होतं. पूल, वस्ती, आकडा, सगळं त्या चौकटीत होतं. वाचकाला आत यायची गरजच नव्हती, आणि तसं लिहायला मला सांगितलं गेलं, कारण तसं लिहिलं नाही तर फीड ते वर आणत नाही. पत्ता सांगणारा जेव्हा तुमचं घर किती मोठं दिसावं हेही ठरवतो आणि त्याच भिंतीवर स्वतःच्या जाहिराती लावतो, तेव्हा तो नुसता वाटाड्या राहत नाही.

आणि शेअरचं बटण आम्ही लावलं हे खरं, पण पर्याय किती होते? ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाचा, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, २०१९ चा अहवाल मी या निमित्ताने चाळला. वर्गीकृत जाहिराती सोडून ऑनलाइन जाहिरातीवर खर्च होणाऱ्या दर १०० डॉलरमधले ४७ गुगलकडे आणि २४ फेसबुककडे जात होते. बाकीच्या सगळ्या जगाला २९. ज्या बाजारात दोन दुकानं ७१ रुपयांचा माल घेतात तिथे 'तुम्हाला नको तर विकू नका' हे सांगणं फार सोपं आहे. श्प्रिंगरसारखा धनाढ्य दोन आठवड्यांत वाकला, यातून लिंक फुकट असावी हे सिद्ध होतं, की त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती हे?

उत्तरेकडचा, तासांवर वाटप ही गोष्ट मी वहीत लिहून घेतली आहे. मनापासून आभार. हे मला कुठेच कुणी सांगितलं नव्हतं.

---

दक्षिणायन

ऑस्ट्रेलियातून. इथलं उदाहरण सगळे 'यशस्वी' म्हणून देतात, तेव्हा आतली रचना समजून घ्या.

कायदा २५ फेब्रुवारी २०२१ ला मंजूर झाला. त्याच्या आठवडाभर आधी, १८ तारखेला सकाळी उठून पाहिलं तर फेसबुकवर बातम्या नाहीत, आणि बातम्यांबरोबर हवामान खात्याचं, काही आरोग्य खात्यांचं, अग्निशमन सेवांचं पानही रिकामं. ती पानं लवकर परत आली. २३ तारखेला सरकार आणि कंपनीत समझोता झाला, कायद्यात दुरुस्त्या झाल्या, मग बातम्याही परतल्या.

कायद्याची धार अशी: वाटाघाटी फसल्या तर प्रकाशक एक आकडा देणार, प्लॅटफॉर्म एक आकडा देणार आणि लवादाने त्यातला एक उचलायचा. मधला काढायची मुभा नाही. त्यामुळे अवाच्या सवा मागणारा हरतो आणि चिल्लर पुढे करणाराही हरतो. कल्पना हुशार आहे. पण ही धार एकदाही वापरली गेली नाही. कारण कायदा लागू व्हायला अर्थमंत्र्यांनी त्या कंपनीचं नाव अधिकृतपणे जाहीर करावं लागतं, आणि तसं कुणाचंच केलं गेलं नाही. ते होऊ नये म्हणून कंपन्यांनी बाहेरच करार केले. वर्षाला २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, असा स्पर्धा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉड सिम्स यांचा अंदाज होता.

अंदाज, कारण करार गुप्त. कोणाला किती, कशासाठी, त्यातून किती वार्ताहर घेतले, हे वाचकाला कळायचा मार्ग नाही. काही संस्थांनी जाहीरपणे सांगितलं की या पैशातून प्रादेशिक पत्रकार नेमले. काहींनी काहीच सांगितलं नाही. एसबीएस ही सार्वजनिक वाहिनी आणि अभ्यासकांचे लेख छापणारं द कॉन्व्हर्सेशन हे संकेतस्थळ, या दोघांना फेसबुकने करारच दिला नाही, आणि का दिला नाही तेही सांगितलं नाही. कोणाशी बोलायचं हे प्लॅटफॉर्म ठरवत होता.

आणि करारांना मुदत असते. १ मार्च २०२४ ला मेटाने सांगितलं की नूतनीकरण नाही. आता सरकारच्या हातात काय उरलं? नाव जाहीर करावं तर कंपनी कॅनडासारखं बटण दाबणार. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दुसरा मार्ग मांडला, न्यूज बार्गेनिंग इन्सेन्टिव्ह. ऑस्ट्रेलियात वर्षाला २५ कोटी डॉलरच्या वर महसूल असलेल्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर आकार, म्हणजे शुल्क, बसवायचा. प्रकाशकांशी करार केले तर ती रक्कम आकारातून वजा. आणि बातम्या काढून टाकल्या तरी आकार चुकत नाही.

शेवटचं वाक्य दोनदा वाचा. पैसा लिंकला बांधला की लिंक तोडणं हा प्लॅटफॉर्मसाठी सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. पैसा त्यांच्या इथल्या कमाईला बांधला की लिंक तोडून काही वाचत नाही. कोडवाला यांची वेबबद्दलची काळजीही तिथे बरीचशी मिटते, कारण लिंकवर दर लागतच नाही.

---

कलमदान

ताई, कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

युरोपने जर्मनी-स्पेनच्या फजितीनंतर २०१९ मध्ये कॉपीराइटचा नवा निर्देश काढला, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, त्यातलं कलम १५ प्रकाशकांचं आहे. बातमीच्या ऑनलाइन वापरावरचा प्रकाशकाचा हक्क दोन वर्षांचा. नुसती लिंक आणि सुटे शब्द किंवा अगदी छोटे उतारे यांना तो लागू नाही. तुमच्या त्या दोन ओळी 'अगदी छोटा उतारा' ठरतील का, यावरच वकिलांची भांडणं होतात.

पण तुम्ही ज्यासाठी धागा काढला ते याच कलमाच्या पाचव्या परिच्छेदात आहे: मिळालेल्या महसुलातला योग्य वाटा लेखकांना मिळाला पाहिजे, अशी तरतूद सदस्य देशांनी करायची आहे. 'योग्य' म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. ते प्रत्येक ठिकाणी पत्रकारांना आपल्या संस्थेशी वाटाघाटी करून ठरवावं लागतं. तरी कायद्यात शब्द आहे म्हणून मागता तरी येतं.

फ्रान्सने निर्देश सगळ्यांत आधी अमलात आणला आणि स्पर्धा प्राधिकरण मागे लागलं. प्रकाशकांशी प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्या नाहीत म्हणून गुगलला जुलै २०२१ मध्ये ५० कोटी युरो दंड. मार्च २०२४ मध्ये आणखी २५ कोटी. दुसऱ्या दंडाच्या कारणांत, बार्ड या एआय सेवेसाठी प्रकाशकांचा मजकूर त्यांना न सांगता वापरला, हेही होतं. तुमचा ठराव 'समाजमाध्यमं आणि सर्च' एवढ्यावरच थांबतो, तेव्हा हेही ध्यानात घ्या. जिथे लिंकही दिसणार नाही आणि उत्तर थेट मिळेल, तिथे तुमचा पडताळलेला आकडा कुणाचा होता हे कुणाला कळणारही नाही.

भारतातली वाट स्पर्धा कायद्याची आहे. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. तक्रारदार तिथेही प्रकाशकच आहेत, बातमी लिहिणारे नाहीत.

---

कोडवाला

दक्षिणायन यांचा कमाईवरच्या आकाराचा मुद्दा मला मान्य आहे. लिंकला हात न लावता बड्या कंपन्यांच्या जाहिरातीच्या कमाईवर काही बसवलं, तर माझा विरोध राहत नाही. फक्त तो पैसा सरकारच्या हातून वाटला गेला, तर सरकारवर टीका करणाऱ्याला मिळेल का, ही भीती उरते. कॅनडाची सामूहिक संस्था सरकारबाहेरची आहे ना?

---

उत्तरेकडचा

हो, प्रकाशक-प्रसारकांच्या बाजूने उभी राहिलेली स्वतंत्र संस्था आहे, पैसे सरकारी तिजोरीतून जात नाहीत. पण पात्र कोण, हे शेवटी कायद्यानेच ठरतं. त्यात एक अट आहे: संस्थेत किमान दोन पत्रकार नियमित नोकरीत हवेत, मालक स्वतः पत्रकार असेल तर तोही धरला जातो. एकट्याने गावची बातमीपत्रिका चालवणारा बाहेर.

म्हणून ताई, तुम्ही तासांचा नियम ठरावात घेणार असाल तर एक शब्द जपून लिहा. 'नोकरीत असलेला पत्रकार' म्हणणार, की 'काम करणारा'?

---

शाईचे डाग

हा प्रश्न तुम्ही विचारलात आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्या रात्री कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला आमचा माणूस स्ट्रिंगर होता. बातमीमागे पैसे. नेमणुकीचं पत्र नाही, ओळखपत्रही नाही. हजेरीपटावर त्याचं नाव कधीच नव्हतं. तासांचा कितीही चांगला नियम केला तरी 'नोकरीत असलेला' असं लिहिलं की त्याची ती रात्र शून्य तास मोजली जाईल, आणि माझी आठ तास.

ठरावाला आहे तसा मी पाठिंबा देणार नाही. दुरुस्ती मांडणार आहे. पैसा प्लॅटफॉर्मच्या जाहिरातीच्या कमाईवर बसवा, लिंकवर नको. करार उघड असू देत, कोणाला किती ते छापा. एआयचा उल्लेख हवा. वाटप पत्रकारांच्या कामावर, आणि त्यात बातमीमागे पैसे घेणारे आधी मोजा, कारण सगळ्यात सहज तेच गळतात. यावर प्रकाशक मंडळी नाराज होतील, आमच्यातलेही काही होतील, ज्यांना वाटतं की आधी कायदा येऊ दे, बाकीचं नंतर बघू. नंतर कुणी बघत नाही, हे मी डेस्कवर शिकले आहे.

त्याला आज फोन केला. आता तो बातम्या देत नाही, दुसरं काम धरलं आहे. रविवारी येशील का विचारलं. म्हणाला, मी तुमच्या संघटनेचा सभासद कधी होतो? सभासद व्हायला नेमणुकीचं पत्र लागतं.

ते नियम क्रमांक चार मध्ये आहे, आत्ता काढून पाहिलं. त्याचीही दुरुस्ती त्याच कागदावर लिहिते आहे.